यंदाचं भरीत अंगणात

पुणे,
बुधवार, रात्री

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात आणि आई, तुझं दूध उतू जायला लागतं. इतकं दूध आपल्याकडे कधीपासून येतंय? म्हणून पत्र.

आधी सांगून टाकते. यंदा चंपाषष्ठीला मळ्यातली भरीत पार्टी नाही. काकांशी मी परवाच बोलले, ते हो म्हणाले. भरीत होणार, पण मागच्या अंगणात, आपल्या सात जणांपुरतं. तुम्हाला न विचारता ठरवलं हे चुकलंच. पण विचारलं असतं तर "एवढं वर्ष होऊन जाऊ दे" असं उत्तर आलं असतं, आणि ते मी गेली तीन वर्षं ऐकते आहे.

मागच्या वर्षीचं माझ्या मनातून जात नाही. "पुण्यात असलं भरीत मिळत नाही" असं मीच फोनवर सारखं म्हणत होते. आई, तू चाळीस माणसांच्या कळण्याच्या भाकऱ्या थापल्यास आणि पुढे महिनाभर मनगटाला पट्टा बांधून फिरलीस. बाबा, तुम्ही तिसऱ्यांदा भरीत घेतलंत तेव्हा वाढणारी मीच होते. त्या रात्री दवाखान्यातल्या बाकावर बसले होते तेव्हाही माझ्या हातांना कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुराचा वास येत होता.

मग घाबरून मी सगळंच बंद करायला लावलं. भरीत नाही, शेवभाजी नाही, पापड तर नाहीच. बाबांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. पण दिवाळीत दुधीची भाजी पुढे आल्यावर त्यांनी ताटाला नमस्कार केला आणि काही न बोलता जेवले, ते मला तक्रारीपेक्षा जास्त लागलं. 2016 मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा हा माणूस घरातच कुणाचं लग्न जमल्यासारखा कात्रण घेऊन गल्लीभर फिरला होता. त्याला मी दुधीवर बसवलं.

डॉक्टरांना मी स्वतः विचारलंय. दिवसाचं सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. वांग्याशी त्यांचं काही वैर नाही. खरी मेख कळण्यात आहे. ज्वारी-उडदाबरोबर मीठही दळणातच जातं, मग भाकरी करताना ते कमी करता येत नाही. तेव्हा आई, यंदा दळणात मीठ घालू नकोस. गिरणीत द्यायच्या आधी डबा दादाला दाखव. हो, माझा विश्वास नाहीये तुझ्यावर.

भाकऱ्यांना वहिनीच्या ओळखीच्या मावशी येतील, पैशाचं मी बघते. "परक्या हाताची चव" वगैरे सुरू करू नकोस. तू पाटावर बस, फोडणी तुझी. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, सगळं तुझ्या हाताने टाक. फक्त तेल बुधलीतून थेट ओतायचं नाही, पळीने मोजायचं.

तू सोललेली वांगी मला अजून दिसतात. पाण्यात बोटं बुडवून तू ती काळी साल ओढायचीस, चटका बसला की कानाची पाळी धरायचीस, आणि आतला हिरवट पांढरा गर वाफाळत बाहेर यायचा. चातुर्मासात तू वांगं शिवायची नाहीस, त्यामुळे कांदेनवमीपासून बाबा आणि मी दिवस मोजायचो. बाबा भरताचा पहिला घास भाकरीत गुंडाळून मला द्यायचे, मी हाश-हुश करत पाण्याकडे धावले की गुळाचा खडा पुढे. आता तुमची नात तसंच करते. पुण्यात मी गॅसवर जांभळी वांगी भाजते, ती खातेसुद्धा. पण "आजोबांच्यासारखं नाही" हे तिने ठरवून टाकलंय.

हे वर्षातून एकदाच, असं मी म्हणत नाही. आम्ही आलो की एक जेवण असं होऊ दे, दीड-दोन महिन्यांनी का होईना. एक भाकरी, एक वाटी भरीत, तिसऱ्यांदा नाही. बाबा, गोळी जेवणाआधीची आहे, "आज भरीत आहे" म्हणून ती चुकवायची नाही. आणि पापडाच्या डब्याला कुलूप लावलंय असं समजा.

महाराष्ट्र एक्सप्रेसची तिकिटं काढली आहेत. स्टेशनवर कुणी येऊ नका, थंडी असते, आम्ही रिक्षाने येऊ. मळ्यात चाळीस माणसांना हाका मारणारा बाबांचा आवाज यंदा नसेल, याचं मलाही वाईट वाटतंय. काका म्हणालेत, संध्याकाळी दोघे-तिघे अंगणात चहाला येतील.

वांगी मात्र दादाला आणायला सांगू नका, त्याला बियांचं कळत नाही. बाबा, बाजारात तुम्हीच जा. स्वेटर घालून.

तुमची,
मनी