आपल्या वेब्स्टरबद्दल

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून पत्र नाही की फोन नाही. रागावला असशील तर रागातच पुढचं वाच. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच.

आपली जुनी वेब्स्टर डिक्शनरी आठवते ना? फुटपाथवर निम्मे निम्मे घालून घेतलेली, आणि डी.एड. संपल्यावर जिच्यापायी तू आठवडाभर अबोला धरलास. (तूच धरलास, मी नाही!) तिच्यावरून मी अकरा वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं रे.

गुरुवारी नववीला 'फोटोग्राफी'ची फोड करत होतो. फो-टॉग्-रा-फी. 'टॉग्'नंतर आघाताची खूण, म्हणून 'रा'वर जोर देऊन म्हणवून घेतलं. कानाला खटकतही नाही, आपण सगळे 'ग्रा'च दाबतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मोबाइलमध्ये खूण 'टॉ'च्या आधी आहे. मग दोन्ही खुणा त्याच तुकड्याच्या ना?"

तास संपल्यावर डिक्शनरीची सुरुवातीची पानं काढली. जुन्या वेब्स्टरमध्ये खूण जोराच्या सिलॅबलनंतर, म्हणजे उच्चाराच्या तुकड्यानंतर; आयपीएत, म्हणजे मोबाइलमधल्या उच्चारलिपीत, त्याच्या आधी. म्हणजे 'फटॉग्रफी'. 'टॉ' ठसठशीत, बाकीचे स्वर पुसट. 'डिमॉक्रसी'त 'मॉ'. ती पानं आपण कधी उलटलीच नाहीत. 'नॉलेज' ओळीच्या शेवटी तोडताना 'एल' वर ठेवायचा की खाली न्यायचा, यावर मात्र दोन दिवस भांडलो. तू म्हणायचास खाली, मी वर. ब्रिटिश छपाईत तुझं बरोबर, अमेरिकन छपाईत माझं. आता तरी मिटव!

बाईंनी वृत्तं शिकवताना सांगितलेला आघात आठवतो? 'पुष्प'मधला 'पु' गुरू, 'तुझ्या'तला 'तु' लघूच, कारण तिथे आघात नाही. लगक्रम, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम, लावताना आपण खुणेआधी कान लावायचो. इंग्रजीला तो कान मी लावलाच नाही. मुलांकडून प्रत्येक सिलॅबलला सारखी टाळी वाजवून घेतली.

उद्या नववीला सगळं सांगणार आहे, त्या मुलीलाच फळ्यावर बोलावून. पण आधीच्या तुकड्यांचं काय? पहिल्या तुकडीतली एक मुलगी आता स्वतः इंग्रजी शिकवते, माझ्याच वह्या वापरून. तिला पत्र लिहायला तीनदा बसलो, मायन्यापुढे जात नाही.

आणि तू? त्याच डिक्शनरीवरून तूही टाचणं काढली होतीस. 'टॉग्'नंतरची खूण तू कशी वाचलीस? खरं सांग.

बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. चिनूची दहावी ना यंदा?

तुझा,
बाळ्या