कपावर वेळ लिहून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

काल मी बांधलेला कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची हलकी, अरुंद होडी, पाण्यात उतरला. कुठूनही पाणी आत आलं नाही. तुमचे आभार चार लोकांसमोर मानायचे आहेत म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

तुमच्याआधी ज्यांच्यावर भरवसा ठेवला, त्यांनी केवलारच्या, म्हणजे हलक्या पण फार मजबूत धाग्याच्या, कापडासोबत ते थर चिकटवायला साधं पॉलिएस्टर रेझिन हातात ठेवलं. चालेल ना, असं विचारलं तर म्हणाले, "सगळं एकच असतं." थर नखाने सुटायला लागले तेव्हा त्यांनी फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या एका जाणकारांनी इपॉक्सी हे वेगळं रेझिन घ्यायला लावलं, पण लवकर वाळावं म्हणून हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट व्हायला त्यात कालवतात तो द्रव, वाढवायला सांगितलं. तुम्ही दोन वाक्यांत उलगडून सांगितलंत: इपॉक्सीत हार्डनर स्वतःच रेझिनशी जोडला जातो, जास्तीचा तसाच उरतो आणि थर मऊ राहतो. ही दोन वाक्यं आधीच्या कुणालाच सांगावीशी वाटली नाहीत, याचा राग अजून गेलेला नाही.

सुटलेला तुकडा हातात घेऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "कापड चांगलं आहे, जोडी चुकली." मी काम सोडून द्यायच्या बेतात होतो. त्या वाक्याने थांबलो.

पण सगळ्यात जास्त आठवतात ते कप. रेझिन एकदा कालवलं की वाट बघत नाही. भांड्यात साठून राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापत जातं. त्यात केवलार फायबरग्लाससारखं भिजल्यावर पारदर्शक होत नाही, त्यामुळे कुठे कोरडं राहिलं हे शोधायला नजर सतत कापडावर हवी. तुम्ही न सांगता कोपऱ्यातल्या वजनकाट्याशी बसलात. थोडं थोडं मोजून कालवत होतात आणि प्रत्येक कपावर कालवल्याची वेळ मार्करने लिहून माझ्या हाताशी ठेवत होतात. जुना कप उचलून नेत होतात, नवा ठेवत होतात. मला एकदाही घड्याळाकडे बघावं लागलं नाही. रेझिन पसरवायचा रोलर तुमच्या हातात असता तर काम निम्म्या वेळात उरकलं असतं, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. तरी तुम्ही तो मागितला नाहीत. होडी माझी राहू दिलीत. ताई, मदत करता करता काम दुसऱ्याच्या हातून काढून घेणारे पुष्कळ भेटतात.

1965 साली ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांना केवलारकडे नेणारं द्रावण सापडलं, तेव्हा ते पातळ आणि गढूळ दिसत होतं. त्याचे धागे काढायला मशीनवरचा सहकारी आधी तयार नव्हता; मशीनची छिद्रं तुंबतील अशी त्याला भीती होती. शेवटी तो तयार झाला आणि धागा निघाला. क्वोलेक यांचं नाव जगाला ठाऊक आहे आणि तो मान त्यांचाच. पण हल्ली मला त्या "बरं, चालवून बघू" म्हणणाऱ्या माणसाचीही आठवण येते. अशी माणसं असतात म्हणून बाकीच्यांच्या हातून काही घडतं.

दोघांचा, साधारण पाच मीटरचा कॅनू फायबरग्लासचा केला की तीस किलोच्या आसपास सहज जातो. आपला वीसच्या आत बसला. तुम्ही जास्तीचं रेझिन निपटून काढायला लावत होतात, "ताकद कापडात आहे, रेझिन फक्त त्याला धरून ठेवतं" असं म्हणत, त्याचा हा हिशेब. काल तो एकट्याने खांद्यावर घेऊन काठापर्यंत नेला.

केवलार घासलं की तंतू उभे राहतात, म्हणून बाहेरून फायबरग्लासचा जो पातळ थर तुम्ही द्यायला लावलात तो सुंदर घासला गेला. आता उन्हापासून जपणाऱ्या वार्निशचा शेवटचा हात बाकी आहे. तो वाळला की कॅनू तुमच्याकडे घेऊन येतो. कॅनूतली पुढची जागा तुमची, वल्हं मी आणतो.

तुमचा मनापासून ऋणी,
तुमच्या कपांवर विसंबलेला एक होडीवाला