तीन लेट मार्क आणि घरातला डिमेन्शिया

महोदय,

घरी डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) रुग्ण असलेल्या कर्मचाऱ्याने सवलत मागितली, की कंपन्या सहसा दोन गोष्टी पुढे करतात: बिनपगारी लांब रजा किंवा घरून काम. हेतू चांगला असतो, पण गरज वेगळी असते. या आजारात सलग महिनाभर सुट्टी फार क्वचित लागते. लागतात ते तास-दोन तास. ते कधी लागतील हे आधी सांगता येत नाही आणि हे कित्येक वर्षे चालते.

रुग्ण सांभाळायला सकाळी आठ ते रात्री आठच्या पाळीत येणारी मावशी साडेसातला फोन करून ‘आज जमणार नाही’ सांगते. मावश्या पुरवणारा ब्युरो बदली बाई देतो, पण ती पोचेपर्यंत अकरा वाजतात. आजोबा आंघोळीला का चिडतात, गोळी कशातून द्यायची, दाराला आतून कुलूप का लावायचे, हे तिला सांगण्यात आणखी अर्धा तास जातो. अनेक कार्यालयांत तीन लेट मार्क झाले की एक रजा कापतात. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत आणि त्या तिमाहीने खात्यात जमा होतात. म्हणजे तीन महिन्यांना दोन. त्या अशाच सकाळी संपतात. कामगार राज्य विमा योजनेत कामगार स्वतः आजारी पडला तर ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. अवलंबून असलेल्या आईवडिलांना उपचार मिळतात, पण त्यांच्यासाठी बुडालेला रोज मिळत नाही. मग कोणी नाइलाजाने स्वतःच्या तापाचे सर्टिफिकेट आणतो. प्रामाणिक माणसावर ही वेळ येणे वाईट आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२५मध्ये राज्यसभेत सांगितले, की केंद्राच्या कर्मचाऱ्यांना वर्षाच्या ३० दिवसांच्या अर्जित रजेतून वृद्ध आईवडिलांची काळजी घेता येते. ही नवी रजा नव्हे, आहे तीच. मुलांच्या संगोपनासाठी केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत ७३० दिवस मिळतात, ते योग्यच आहे. आईवडिलांसाठी मात्र असे स्वतंत्र खाते नाही. जपानमध्ये प्रत्येक आजारी नातलगामागे ९३ दिवसांची रजा तीन भागांत घेता येते. शिवाय एका नातलगासाठी वर्षाला ५ दिवस वेगळे असतात आणि २०२१पासून ते तासांच्या हिशेबाने घेता येतात. आमच्या मते यातला तासांचा हिशेब सर्वांत मोलाचा.

आपल्याकडेही किरकोळ रजा दोन-दोन तासांनी घेऊ द्यावी. कामाची वेळ कर्मचाऱ्याने निवडावी आणि दर तीन महिन्यांनी बदलू द्यावी, कारण आजार बदलत जातो. बऱ्याच रुग्णांची घालमेल दिवस कलताना वाढते. ‘मला घरी जायचंय’ म्हणत ते स्वतःच्याच घरातून बाहेर पडू पाहतात. अशा घरच्या माणसाला साडेसात ते चार सोयीचे. ज्या घरात रुग्ण रात्रभर जागतो, तिथे उलट उशिरा सुरुवात हवी, आणि यंत्रावर काम असेल तर ती सवलत नव्हे, सुरक्षिततेची गरज आहे. डॉक्टरांचे पत्र एकदाच घ्यावे. हा आजार बरा होत नाही. दर वेळी नवा दाखला मागून काय मिळणार? ज्या विभागात मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तिथे सुपरवायझरच्या टेबलावरचा एक नंबर घरी दिलेला असावा आणि निरोप लगेच पोचावा. शक्य तोवर बदली करू नये, कारण घर बदलले की रुग्णाचा गोंधळ वाढतो.

घरून काम हा मावशी न आलेल्या सकाळचा तात्पुरता आधार आहे, मावशीला पर्याय नव्हे. मीटिंगमध्ये कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस गॅसच्या बटणाकडे लक्ष ठेवू शकत नाही.

एचआरने निदानाच्या वेळीच एक गोष्ट आवर्जून सांगावी. रुग्णाला समज असतानाच बँक खाते संयुक्त करून घ्यावे. साधे मुखत्यारपत्र पुरेल असे अनेकांना वाटते, पण करार कायद्यानुसार ते देणाऱ्याची समज गेली की ते संपते. मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावे लागते आणि तेवढ्यात पुन्हा रजा संपतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक सूचना फलकावर असावा. तो थकलेल्या कर्मचाऱ्यासाठीही आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या शुश्रूषेच्या तासांतले ७० टक्के स्त्रिया देतात. नोकरी सोडायची कोणी, हे म्हणूनच अनेक घरांत न बोलताच ठरते.

आज बरेच साहेब समजूतदारपणे सांभाळून घेतात, पण साहेब बदलला की सवलत जाते. म्हणून हे लेखी नियमात हवे. राज्याच्या कामगार विभागाने किरकोळ रजा तासांनी घेता येईल एवढी तरतूद नियमांत करावी. त्यासाठी मालकांना एकही जादा रजा द्यावी लागणार नाही.

– डिमेन्शिया रुग्णांच्या कुटुंबांसोबत काम करणारे कार्यकर्ते, पुणे