काडेपेटीतल्या पाच काड्या

मामा,

तुमच्याकडे माणसं समया, घंगाळं उजळायला आणतात. मी आणलं होतं बाबांच्या १९८२ च्या येझदी मोटारसायकलचं डावं इंजिन कव्हर, जुन्या टॉवेलात गुंडाळून. "हे इथं होत नाही" एवढंच ऐकायच्या तयारीनं आले होते.

उजवं कव्हर आधीच वाया गेलं होतं. मोठ्या बोर्डाच्या एका दुकानात दिलं, तीन आठवडे "उद्या या" ऐकलं. हातात पडलं तेव्हा चकचकीत होतं, पण त्यावरची उठावाची अक्षरं वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी झाली होती. बोलले तर म्हणे, "चमकतंय ना ताई? मग झालं की!" येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडलाय, हे त्या शहाण्याला कोण सांगणार?

तुम्ही कव्हर उजेडात धरलंत, अक्षरांच्या कडेनं नख फिरवलंत. "पॉलिशच्या चाकावर धरलं तर ह्याचंबी तसंच हुईल. अॅल्युमिनियम मऊ असतंय पोरी. घरी बसून हातानं कर."

आणि मग गिऱ्हाईक ताटकळत असताना तुम्ही बांबूच्या कांबटीच्या पाच काड्या तासल्यात. एक चपटी, एक टोकदार, एक गोल. प्रत्येकीला पॉलिश पेपरची पट्टी चिकटवलीत आणि पेन्सिलीनं कागदाचे नंबर घातलात, खरखरीतपासून बारीकपर्यंत: ३२०, ४००, ६००, ८००, १०००. कागद फाडला की मागचा नंबर हरवतो, हे मला कुठं ठाऊक! काड्या रिकाम्या काडेपेटीत भरून माझ्या हातात दिल्यात. पैसे विचारले तर मागच्या गिऱ्हाइकाची समई उचललीत.

चार रविवार गेले मामा. साबणाचं पाणी, पुढचा कागद आधीच्याला आडवा, आधीचे ओरखडे दिसेनासे होईपर्यंत हात थांबवायचा नाही. बोटं काळी. आई म्हणाली, तुझे बाबाही असेच दिसायचे. शेवटी त्यांच्याच जुन्या बनियननं ब्रासो पॉलिश फिरवलं. अक्षरांच्या कडा अजून बोटाला लागतात.

त्या दुकानाकडे यंत्रं होती, एसी होता. तुमच्याकडे एक स्टूल, तेही तुम्ही मला बसायला दिलंत. माणुसकी, माणुसकी म्हणतात ती अशीच कुठंतरी तासत बसलेली असते बहुतेक.

टोकदार काडी मोडली, बाकीच्या चार पेटीत आहेत. दिवाळीआधी आईची समई घेऊन येते. तिचे पैसे मात्र घ्यावे लागतील.

तुमची,
येझदीवाली पोरगी