आधी उतार, मग चढ: पचमढीला निघण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

पचमढीचं पक्कं केलंत, फार बरं वाटलं. आई, तुझ्या यादीत खाण्यापिण्याचं, औषधांचं, पांघरुणांचं सगळं आहे, पायांचं मात्र काहीच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

बाबा, तुम्ही आयुष्यभर सह्याद्रीतले गड चढलात. त्यातल्या दोन सवयी पचमढीत उलट्या पडतात. पहिली चढाची. गडावर आधी चढायचं असतं, दम संपला की मागे फिरता येतं आणि परतीची वाट उताराची असते. पचमढी हे सातपुड्यातलं पठार आहे, साधारण १,०६० मीटर उंचीवरचं. गाडी थेट वर पोचते, आणि बी फॉल, अप्सरा विहार, डचेस फॉल असं पाण्याचं बहुतेक सगळं खाली असतं. म्हणजे ताज्या पायांनी उतरायचं आणि दमलेल्या पायांनी, ऊन तापल्यावर, वर यायचं. खाली पाण्याशी गारव्यात बसलं की थकवा कळत नाही, तो परतताना पन्नासाव्या पायरीला कळतो. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वर यायला धरा. माणशी तासाला अर्धा लिटर पाणी लागतं, आणि खाली पोचाल तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी बाटलीत शिल्लक हवं. ते नसेल तर वाटेत जिथे असाल तिथूनच परत फिरा.

दुसरी सवय दगडाची. आपला कातळ लाव्हाचा, एकसंध आणि टणक. पचमढीचा वालुकाश्म म्हणजे नद्यांनी आणून टाकलेली वाळू, कोट्यवधी वर्षं दबून दगड झालेली. हात फिरवला तर सॅंडपेपरसारखा खरखरीत लागतो, आणि कोरडा असताना पाय इतका छान धरतो की माणूस निर्धास्त होतो. पण याच दगडाचे कण सतत सुटत असतात. सपाट फरशीवर सुट्या वाळूचा पातळ थर असतो आणि त्यावर पाऊल पडलं की खाली बारीक छर्रे असल्यासारखं सटकतं. उतारावर फरशी दिसली की पाऊल टाकण्याआधी काठीच्या टोकाने वाळू बाजूला करून बघा. सावलीत हिरवट-काळपट डाग दिसला तर ते शेवाळ. तो कोरडा दिसला तरी त्यावर पाय नको. पाऊस होऊन गेल्यावर ओला वालुकाश्म कमकुवत होतो. पकडायला म्हणून धरलेली कपारीची कड हातात येऊ शकते. हात टेकायचा तर दगडाच्या अंगावर तळहात दाबून टेका, कडेला बोटं अडकवून लटकू नका.

कड्याच्या टोकाचंही तसंच. थरांमधला मऊ थर आधी झिजतो आणि वरचा टणक थर सज्जासारखा पुढे राहतो. वर उभं राहिल्यावर पायाखालची पोकळी दिसत नाही. हांडी खोह ही खोल दरी बघाल तेव्हा कठड्याच्या आतच राहा, आणि जिथे कठडा नाही तिथे काठापासून निदान दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर ठेवा. फोटोसाठीसुद्धा पुढे नको.

याच दगडामुळे तिथे झरे आहेत. पावसाचं पाणी वाळूच्या कणांमधून आणि भेगांमधून हळूहळू खाली झिरपतं, खाली चिकणमातीचा घट्ट थर लागला की अडतं, आडवं सरकतं आणि कड्याच्या पायथ्याशी बाहेर येतं. आई, तुला हे प्रत्यक्ष बघता येईल. जटाशंकरच्या गुहेकडे उतरताना किंवा कुठल्याही ओल्या कपारीपाशी थांब आणि भिंतीकडे नीट बघ. वरचा जाडाभरडा दगड कोरडा, खालचा बारीक पोताचा, आणि दोघांच्या सांध्यावर एक ओली रेघ. त्या रेघेवर थेंब ओळीने लटकलेले असतात आणि तिथूनच हंसराजाची काळ्या देठांची नाजूक नेची फुटलेली असते. जमिनीवर पाणी दिसत नसलं तरी नेचीची हिरवी ओळ दिसली की समजायचं, इथे झरा आहे. पाऊस संपून चार-पाच महिने झाले तरी यातले बरेच झरे चालू असतात, कारण आज बाहेर पडणारं पाणी आजचं नसतंच. जटाशंकरच्या घळीतून जंबुद्वीप नाला निघतो. इथले ओहोळ पुढे देनवा नदीला मिळतात, देनवा तव्याला आणि तवा नर्मदेला.

बाबा, झऱ्याचं पाणी ओंजळीने प्यायची तुमची सवय इथे मोडा. वाळूतून गाळून आलं म्हणून ते शुद्ध असं नाही. भेगांमधून पाणी वेगाने येतं, तेव्हा काहीच गाळलं जात नाही, आणि वरच्या अंगाला जनावरंही असतात, माणसंही. प्यायचंच तर उकळी आल्यावर पूर्ण मिनिटभर उकळून, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून पाकिटावर लिहिलेला वेळ थांबून.

डोहात उतरू नका, हे मात्र मी आग्रहाने सांगतेय. तळ दिसणारं स्वच्छ पाणी डोळ्यांना फसवतं; जे तीन फूट वाटतं ते खरं चार फूट असतं. तळाचा दगड बुळबुळीत, पाणी गार, आणि धबधब्याखाली प्रवाह माणसाला आत ओढतो. वरच्या खोऱ्यात पाऊस पडला तर तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही ओढा फुगतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहत आला, आवाज वाढला, तर चपला शोधत न बसता आधी उंचावर जा.

आता गुडघे. बाबा, तुमचा उजवा दुखतो, तर काठी डाव्या हातात धरा. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि सगळा भार त्याच पायावर जातो. सरळ उभं राहून हात मोकळा सोडला की काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. उंची बदलता येणारी काठी असेल तर उतारावर ती बोटभर वाढवा. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी. चौरागढच्या महादेवाला जायचंच असं तुम्ही म्हणालात. त्रिशूळ घेऊन जाणाऱ्या विदर्भातल्या माणसांची ती जुनी वाट आहे. तिथे तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत. तो दिवस स्वतंत्र ठेवा, त्या दिवशी धबधबा नको, आणि महाशिवरात्रीच्या आठवड्यात तर मुळीच नको.

बूट नवे घेऊन निघू नका, पंधरा दिवस रोज घालून फिरा. तळव्याला रबर मऊ हवं. अंगठ्याचं नख दाबलं तर ते किंचित आत जायला पाहिजे. पुढे अंगठाभर जागा हवी, कारण लांब उतारावर बोटं सतत पुढे आदळतात आणि नखं काळी पडतात. नखं दोन दिवस आधी कापा. वालुकाश्माची बारीक वाळू बुटात जातेच. पाय चुरचुरला की तिथेच बसून मोजे झटका. फोड येईपर्यंत चालत राहिलात तर पुढचे दोन दिवस गेले.

बी फॉलसारखी बरीच ठिकाणं सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतात. तिथे वनविभागाचं तिकीट, नोंदणी केलेली जिप्सी आणि गाइड लागतो. गाइड घासाघीस करून टाळू नका. कुठली पायवाट अस्वलाची, कुठे सकाळी गवे पाण्यावर येतात, हे त्यालाच माहीत असतं. त्या परिसरातलं बोरीचं जंगल १८६५ मध्ये राखीव झालं, देशातल्या सगळ्यात जुन्या राखीव जंगलांपैकी ते एक. सालवृक्ष आणि साग दोन्ही जिथे भेटतात असा हा पट्टा आहे, शेकरूसुद्धा दिसेल. बाबा, तुम्ही वर बघत चालता. शेकरू बघायचं तर आधी थांबा, मग बघा.

कड्यांच्या कपारीखाली आग्या मोहोळ असतं. अत्तर, वासाचं तेल, सुगंधी पावडर त्या दिवसांत बंद. खाली धूर, उदबत्ती काही नको. माश्या उठल्याच तर हात न झाडता डोकं-तोंड पदराने किंवा उपरण्याने झाकून सरळ लांब निघून जा, शक्यतो गाडीत. पाण्यात उडी मारू नका, माश्या वरच घिरट्या घालत राहतात.

गुहांमध्ये पांढऱ्या आणि गेरूच्या रंगातली जुनी चित्रं आहेत. रंग उठून दिसावा म्हणून काही जण त्यावर पाणी शिंपडतात. दगड पाणी शोषतो, सुकताना आतले क्षार वर येतात आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. तुमच्यासमोर कोणी करत असेल तर आई, तू शांतपणे सांग. तुझं ऐकतात.

नागपूरहून छिंदवाडा, तामिया, मटकुली असं गेलात तर शेवटचा घाट दिवसाउजेडी येईल अशा बेताने निघा. रेल्वेने गेलात तर पिपरियाला उतरा, तिथून साधारण ५० किलोमीटर. खोऱ्यात उतरल्यावर फोन लागत नाही. उतरण्याआधी मला कुठे जाताय आणि किती वाजता वर याल हे कळवा, आणि त्याच मजकुराची चिठ्ठी मुक्कामाच्या ठिकाणी देऊन ठेवा. वर आल्यावर चहाच्या आधी फोन.

तुमची,
मोठी