पाय मुरगळल्यावर

पुणे

प्रिय मित्रा,

फोनवर "बरा आहे" एवढंच बोललो, ते तुला पटलं नसणार. म्हणून निवांत लिहितोय.

पावसाने जिना ओला होता, शेवटच्या पायरीवर पाऊल आत वळलं. घोटा टम्म सुजला. हाड मोडलंय अशीच माझी खात्री झाली होती. डॉक्टरांनी मला चार पावलं चालवलं, घोट्याची हाडं मागून दाबून पाहिली आणि एक्स-रे नको म्हणाले. ही तपासणी १९९२ साली कॅनडातल्या ओटावात ठरली आणि आता जगभर वापरतात, असं त्यांनी समजावलं. बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा (लिगामेंट), ताणला गेलाय. मुरगळण्यात बहुधा तोच दुखावतो.

बर्फाचंही विचारलं. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने १९७८ मध्ये 'विश्रांती आणि बर्फ' हा उपाय रूढ केला आणि २०१४ मध्ये स्वतःच सांगितलं की दोन्हींचा अतिरेक झाला तर पाय बरा व्हायला उशीर लागू शकतो. चाळीस वर्षांच्या आसपास जग आपला उपाय करत असताना असं बोलायला मोठं मन लागतं. तर आता दुखलं तरच बर्फ, तोही पंचात गुंडाळून, थोडाच वेळ. आईने फोनवर आंबेहळदीचा लेप सांगितला, तोही लावला. तिला बरं वाटलं आणि मलाही.

दुखणं सोसवतं रे. खरी अडचण चहाची. दोन्ही हातांत कुबड्या, मग ओट्यावरचा कप खोलीत न्यायचा कसा? पहिल्या सकाळी चहा समोर निवत होता आणि मी नुसता बघत उभा. एवढ्याशा गोष्टीने डोळ्यांत पाणी आलं. तुला सांगायला संकोच नाही. मग ओट्याशीच स्टूल ठेवलं, चहा तिथेच पितो. पाणी, गोळ्या, चार्जर, झाकणाचा डबा, सगळं शबनममध्ये घालून गळ्यात अडकवतो. मोरीत प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. उकिडवं बसणं मात्र अजून जमत नाही, आणि आमच्याकडे संडास भारतीय पद्धतीचा. मधे भोक असलेली खुर्ची औषधांच्या दुकानात भाड्याने मिळते हे मला माहीतच नव्हतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं आणि त्यांच्या मुलाने ती वर आणून दिली.

काकूंकडे किल्ली दिली तेव्हा मनावर दडपण होतं. कोणी केव्हाही घरात येणार, पसारा बघणार. पण बेल वाजली की धडपडत दारापर्यंत जाणं थांबलं. त्या येतात, भाकरी-भाजी ठेवतात, दोन मिनिटं टेकतात, जातात. रात्री मोरीत जाताना आता भीती वाटत नाही, कारण आत पडलो तर दार उघडणारं कोणीतरी आहे. हे मी इतकी वर्षं का केलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता व्यायाम सुरू आहे. पाय वर धरून अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायची. ओट्याला धरून त्याच पायावर उभं राहायचं. मुरगळलेल्या घोट्याचा तोल बिघडतो आणि तो परत शिकवला नाही तर पाय पुन्हा मुरगळतो. 'क'ला अजून कळ येते, 'ग' सोपा जातो.

तूही एकटाच राहतोस, आणि तुझा मजला माझ्याहून वरचा. तुझ्या घराची एक किल्ली आजच कोणाकडे तरी दे, आणि कोणाकडे दिलीस ते मला कळव.

तुझाच