मोटर न बदलणाऱ्या उस्तादांना

उस्ताद, नमस्कार.

जालन्याच्या मोंढ्याकडच्या तुमच्या दुकानातून गाडी काढली तेव्हा गडबडीत नुसतं ‘येतो’ म्हणालो, आभार राहूनच गेले. ते चारचौघांत मानावेत म्हणून हे पत्र.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. सायलेन्सरच्या डब्याआधी पाइपाला फाटा काढून त्यात झडप बसवतात, तो कटआऊट. बटण दाबलं की छोटी मोटर झडप उघडते आणि धूर डब्यात न जाता थेट बाहेर पडतो. माझी झडप उघडायची, पण पूर्ण मिटायची नाही. गाडी उभ्या जागी ट्रॅक्टरसारखी फटफटायची. जिथं दाखवली तिथं एकच उत्तर: मोटर गेली, अख्खा सेट बदला.

तुम्ही मोटर सोडवून थेट बॅटरीला लावली. गरगर फिरली. मग पकडीनं झडपेचा दांडा फिरवून बघितला, तर तो हलेचना. ‘मोटर मेली नाही, मारायलेत तिला,’ म्हणालात. दांड्याच्या भोकात काजळी, गंज आणि आपल्याकडची काळी माती भाजून घट्ट बसली होती. त्यात वायर बारीक. बॅटरीवर १२ च्या वर व्होल्ट, मोटरपाशी जेमतेम ९. जोर कमी, अडथळा जास्त. मोटर जागीच अडकून तापणार नाही तर काय!

दांड्याला लेथवरून नवे बूश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या, करून आणलेत, तेही थंड असताना किंचित सैल राहतील असे, कारण तापल्यावर लोखंड फुगतं. साधं ग्रीस तिथं जळून जातं म्हणून कॉपरचं लावलंत. मोटर आणि पाइपाच्या मध्ये पत्र्याचा आडोसा दिलात. बॅटरीपासून जाड वायर, तिच्या तोंडाशीच फ्यूज, आणि मोटर उलट-सुलट फिरवायला पाच पिनांच्या दोन रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारे-तोडणारे स्विच. आता डॅशबोर्डच्या बटणावर फक्त रिलेच्या कॉइलचा करंट येतो, सगळा भार रिले घेतात.

मला सगळ्यात आवडलं ते लिमिट स्विचचं काम. झडप टोकाला टेकली की स्विच करंट तोडतो, मग बटण कितीही वेळ दाबून धरा, मोटर तापत नाही. पण करंट तुटला तर उलटी फिरणार कशी, हे मी विचारायच्या आत तुम्ही स्विचला समांतर डायोड जोडून दाखवलात: तो एकाच दिशेनं करंट सोडतो, म्हणून उलट्या दिशेचा करंट त्यातून जातो. पाच-दहा रुपयांची वस्तू!

आणि कटआऊटचं तोंड बंद करणारी ती बिनभोकाची आंधळी प्लेट. पाइपाच्या तोंडाच्या फ्लँजवर (रुंद कडेवर) गॅस्केट घालून बोल्टांनी आवळलीत आणि बजावलंत की ट्रॅकवर पोचल्याशिवाय ही काढायची नाही. तेव्हा मी जरा कुरकुरलो खरा. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाजासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, वर परवाना तीन महिने जातो. शिवाय मोंढ्यातल्या बैलांनी कुणाचं काय वाकडं केलंय?

कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसट्रॅकवर प्लेट काढली. दिवसभर झडप उघडली-मिटली, कुठंच अडकली नाही.

मित्राच्या गाडीचंही तेच दुखणं आहे, त्याला पाठवतोय. त्यालाही ‘सेट बदला’ असं सांगितलंय आणि तो पैसे घेऊन तयार बसलाय. आधी दांडा फिरवून दाखवा त्याला.